विश्लेषण : रस्ता झिजवतो कोण, पैसे भरतो कोण? ओरेगनच्या मतदारांनी १९९९ मध्ये राज्यघटनेत लिहिलेला हिशेब

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगन राज्यात २ नोव्हेंबर १९९९ रोजी मतदारांसमोर एक प्रस्ताव होता, ‘मेझर ७६’. महामार्गांवर होणारा खर्च मोटारींनी आणि ट्रकांनी आपापल्या वाट्याप्रमाणे उचलावा, असे राज्यघटनेतच लिहून ठेवायचे का, एवढाच प्रश्न होता. मतदारांनी होकार दिला. जेमतेम साडेसहा महिन्यांनी, १६ मे २००० रोजी, त्याच मतदारांपुढे त्याच विषयाचे बिल आले. पेट्रोलवर गॅलनमागे पाच सेंट जास्त, नोंदणी शुल्क वर्षाला पाच डॉलर जास्त आणि ट्रकांची करपद्धत बदललेली. हे बिल सुमारे ८७ टक्के मतांनी फेटाळले गेले. पंचवीस वर्षे उलटली तरी या दोन निकालांचा मेळ ओरेगनला नीट घालता आलेला नाही. टोल, खड्डे आणि ओव्हरलोड ट्रक यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्या वाचकांसाठी ही कहाणी वाटते तेवढी दूरची नाही.

मेझर ७६ मध्ये नेमके काय होते?

हा प्रस्ताव नागरिकांच्या सह्यांतून आलेला नव्हता. विधिमंडळानेच तो मतदारांकडे पाठवला होता, कारण ओरेगनमध्ये राज्यघटना बदलायची तर शेवटचा शब्द मतदारांचा असतो. मजकूर अगदी छोटा. इंधनकर, वाहनकर, नोंदणी शुल्क यांतून राज्य जो पैसा गोळा करते, त्यात मोटारींसारख्या हलक्या वाहनांचा वाटा आणि ट्रकसारख्या अवजड वाहनांचा वाटा हा त्या-त्या वर्गामुळे महामार्गांवर होणाऱ्या खर्चाशी ‘न्याय्य आणि प्रमाणशीर’ असावा. विधिमंडळाने दर दोन वर्षांनी याची तपासणी करावी आणि गरज पडल्यास दरांत फेरबदल करावेत.

कर किती, हे त्यात नाही. ‘न्याय्य’ कोण ठरवणार, हे नाही. ‘गरज पडल्यास’ म्हणजे नेमकी कधी, हेही नाही. पुढच्या सगळ्या भांडणाची बीजे या रिकाम्या जागांमध्येच आहेत. तरीही या कलमात एक गोष्ट पक्की होती. हिशेब दर दोन वर्षांनी मांडावाच लागेल आणि तो सगळ्यांसमोर असेल. सरकार कोणाचेही असो, ‘यंदा राहू दे’ म्हणायची सोय नाही.

मुळात ओरेगनच का?

मतदारांनी थेट कायदे करायचे किंवा मोडायचे, ही पद्धत ओरेगनने १९०२ मध्येच स्वीकारली. अमेरिकेत तिला बराच काळ ‘ओरेगन पद्धत’ म्हणूनच ओळखले गेले. पेट्रोलवर कर लावून त्यातून रस्ते बांधणारे पहिले अमेरिकी राज्यही हेच. फेब्रुवारी १९१९ मध्ये गॅलनला एक सेंट, म्हणजे साधारण पावणेचार लिटरला एक सेंट, असा तो कर होता. मोटारी वाढत होत्या आणि पावसाळी चिखलात रुतत होत्या. कोलंबिया नदीच्या काठाने डोंगर फोडून नेलेल्या प्रसिद्ध महामार्गाचे काम त्याच काळात सुरू होते. जो रस्ता वापरतो त्याने पैसे द्यावेत, हा विचार तेव्हा लोकांना पटला.

पण पेट्रोल जाळणारी प्रत्येक गाडी रस्ता सारखाच झिजवत नाही, हेही लवकरच लक्षात आले. कोणत्या वाहनामुळे किती खर्च होतो याचा पहिला अभ्यास राज्याने १९३७ मध्ये केला. १९४७ मध्ये ‘वजन-मैल कर’ कायद्यात आला. ट्रकचे वजन किती आणि तो राज्यात किती मैल धावला, या दोन्हींवर हा कर ठरतो. १९५२ मध्ये ट्रकवरील कराचा प्रश्न मतपत्रिकेवर आला आणि मतदारांनी कराच्या बाजूने कौल दिला. म्हणजे १९९९ चा प्रस्ताव आकाशातून पडलेला नव्हता. जी प्रथा अर्धशतक चालत होती, तिला घटनेचे कुंपण घालायचे होते.

आणखी एक संदर्भ हवा. ओरेगनमध्ये विक्रीकर नाही. तो आणण्याचे प्रस्ताव मतदारांनी तब्बल नऊ वेळा फेटाळले आहेत. इंधन आणि वाहने यांतून येणारा पैसा घटनेनेच रस्त्यांसाठी राखून ठेवला आहे. १९८० च्या दुरुस्तीनंतर त्यातून पोलीस किंवा उद्यानांवरही खर्च करता येत नाही. थोडक्यात, रस्त्याचा पैसा वाहनधारकांकडूनच यायचा आणि रस्त्यावरच जायचा. अशा बंद डब्यात एकाचा वाटा कमी झाला, की दुसऱ्याचा आपोआप वाढतो. म्हणून वाटणीवरचे भांडण इथे इतके टोकाला जाते.

ट्रक रस्ता किती झिजवतो?

सिव्हिल इंजिनीअरिंगच्या पुस्तकात भेटणारा एक प्रयोग इथे महत्त्वाचा आहे. १९५८ ते १९६० या काळात इलिनॉय राज्यातील ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्त्यांची वर्तुळे बांधण्यात आली. कुठे डांबर, कुठे काँक्रीट, कुठे जाड थर, कुठे पातळ. त्यांवर वेगवेगळ्या वजनांचे ट्रक दोन वर्षे फिरवले गेले. चालवणारे सैनिक होते. अकरा लाखांहून अधिक वेळा ॲक्सल त्या रस्त्यावरून गेले आणि कोणता तुकडा कधी फुटला याची नोंद ठेवली गेली. आशो रोड टेस्ट म्हणून हा प्रयोग ओळखला जातो.

त्यातून जो ढोबळ नियम निघाला त्याला ‘चौथ्या घाताचा नियम’ म्हणतात. एका ॲक्सलवरचे वजन दुप्पट झाले, तर रस्त्याची झीज दुप्पट होत नाही. दोनचा चौथा घात, म्हणजे सोळा पट होते. दोन टनांची एसयूव्ही घ्या. तिच्या प्रत्येक ॲक्सलवर साधारण एक टन येतो. भरलेल्या ट्रकच्या मागच्या ॲक्सलवर दहा टन असतील, तर वजन दहा पट आणि झीज दहा हजार पट. ॲक्सलवर परवानगीपेक्षा वीस टक्के जास्त माल भरला, तर झीज वीस टक्क्यांनी वाढते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात ती दुपटीहून थोडी जास्त होते.

हा नियम प्रत्येक रस्त्याला तंतोतंत लागू पडतो असे नाही. माती कोणती, पाणी मुरते का, थर किती जाड, यावर तो घात खाली-वर होतो. पण दिशा बदलत नाही.

यातून एक गंमतीची गोष्टही समजते. झीज गाडीच्या एकूण वजनावर कमी आणि ते किती ॲक्सलवर वाटले आहे यावर जास्त अवलंबून असते. म्हणून ओरेगनमध्ये ८० हजार पौंडांच्या (सुमारे ३६ टन) वरच्या वाहनांना वजन तेवढेच असताना ॲक्सल जास्त असतील तर मैलामागे कमी कर पडतो. कर भरणाऱ्याला जादा ॲक्सल लावण्यात फायदा दिसतो, रस्ता वाचतो. करातून वर्तन बदलण्याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

मग सगळा खर्च ट्रकवरच का टाकत नाहीत?

कारण रस्त्याचा सगळा खर्च झिजेचा नसतो. दहा हजार पट हा आकडा ऐकून मोटारमालक खूश होतात, पण तिथेच थांबणे लबाडीचे आहे.

हिवाळ्यात बर्फ हटवावा लागतो, तो मोटारींसाठीही. पट्टे, फलक, दिवे, कठडे यांचा वजनाशी फार संबंध नाही. पोर्टलंडमध्ये सकाळी नऊला जी कोंडी होते ती मुख्यतः मोटारींची. तिथे चौथी मार्गिका लागते ती गर्दीमुळे, ट्रकच्या वजनामुळे नव्हे. पुलाचे पाहा. हलक्या गाड्यांपुरताच पूल बांधला असता तर जो खर्च आला असता तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा आणि अवजड ट्रकसाठी तो अधिक मजबूत करण्याचा वरचा खर्च ट्रकांनी उचलायचा, असा तर्क ओरेगनच्या अभ्यासात वापरला जातो. फुटपाथला डांबराच्या थराची चिंता नसते, पण त्याचेही पैसे कुणाच्या तरी खात्यावर मांडावेच लागतात.

राज्याच्या प्रशासकीय सेवा विभागाचे आर्थिक विश्लेषण कार्यालय दर दोन वर्षांनी हे सगळे खर्च एकेक करून वाटते. १० हजार पौंडांपर्यंतची (साधारण साडेचार टन) वाहने हलकी, त्यावरची अवजड. अवजड वाहने राज्यात धावलेल्या एकूण मैलांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी मैल धावतात. तरी खर्चाचा सुमारे एक तृतीयांश वाटा बराच काळ त्यांच्या नावावर निघत आला. उरलेला दोन तृतीयांश मोटारींच्या.

प्रत्यक्ष बिल कसे दिसते? २६ हजार पौंडांच्या (सुमारे पावणेबारा टन) वरचे ट्रक वजन-मैल कर भरतात आणि त्या बदल्यात राज्याचा डिझेल कर त्यांना लागत नाही. ८० हजार पौंडांच्या ट्रकला २०२४ च्या दराने मैलामागे सुमारे २५ सेंट. गॅलनला २४ मैल जाणारी मोटार ४० सेंटच्या पेट्रोल करातून मैलामागे दीड-पावणेदोन सेंट भरते. म्हणजे ट्रक मैलामागे साधारण पंधरा पट. दहा हजार पट नाही, पण एक पटही नाही. वाद या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत आहे.

मे २००० मध्ये काय बिनसले?

मेझर ७६ ज्या अधिवेशनातून आले, त्याच १९९९ च्या अधिवेशनातून रस्त्यांसाठी पैसा उभा करणारा कायदाही मंजूर झाला होता. गव्हर्नर होते जॉन किट्झहेबर. पेट्रोल कर २४ सेंटवरून २९ सेंट, मोटारीचे नोंदणी शुल्क वर्षाला १५ डॉलरवरून २० डॉलर. आणि ट्रक व्यावसायिकांची जुनी मागणी पूर्ण करून वजन-मैल कर रद्द. त्याऐवजी डिझेल कर आणि वजनानुसार वाढीव नोंदणी शुल्क.

ट्रकवाल्यांची तक्रार खोटी नव्हती. प्रत्येक फेरीचे मैल आणि वजन लिहून ठेवायचे, हिशेब सरकारला द्यायचा, हे बड्या कंपनीला जमते. दोन-तीन ट्रकांच्या मालकाला ते डोकेदुखीचे होते. शेजारच्या राज्यांत डिझेलच्या पंपावरच कर भरून मोकळे होता येत असे. देशात ही पद्धत पाळणारी राज्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

पण मोटारमालकांच्या संघटनेने, ‘ट्रिपल ए’च्या ओरेगन शाखेने, याविरोधात सह्या गोळा केल्या आणि कायदा मतदानाला नेला. तोच ‘मेझर ८२’. त्यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बळकट होता. डिझेल करातून वजनाचा न्याय होत नाही. ट्रकचे वजन दुप्पट झाले तरी डिझेल दुप्पट लागत नाही, झीज मात्र सोळा पट होते. म्हणजे डिझेल करात सर्वांत जास्त सवलत सर्वांत जड ट्रकला मिळते.

मतदारांनी मात्र चौथा घात काढून मत दिले असेल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. पंपावर पाच सेंट जास्त, आरटीओसारख्या कार्यालयात पाच डॉलर जास्त आणि त्याच वेळी ट्रकवाल्यांचा नकोसा कर रद्द. वर्षाला १२ हजार मैल धावणाऱ्या मोटारीला हे सगळे मिळून साधारण ३० डॉलरचे ओझे होते. रक्कम मोठी नव्हती; दृश्य वाईट होते. आपल्याकडून घेऊन त्यांना दिले, असे दिसले की कोणतेही कोष्टक टिकत नाही. सुमारे ८७ टक्के विरोध, म्हणजे हो म्हणणारे आठ जणांत एक.

हे बिल पडले ते योग्यच झाले. त्यात रस्त्यासाठी लागणारा पैसा आणि एका गटाची सुटका एकाच दोरीने बांधली होती. दोर तुटल्यावर दोन्ही बुडाले. जड ट्रकांना मिळणारी सवलत वेगळी काढून मतदारांना नुसते पाच सेंट विचारले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागता. त्या नकाराची किंमत मात्र पुढच्या काही वर्षांत वसूल झाली.

नाही म्हटल्यावर काय झाले?

पेट्रोल कर १९९३ पासून २४ सेंटवर होता. तो २०११ पर्यंत तिथेच राहिला. अठरा वर्षे. या काळात सिमेंट, पोलाद, डांबर, मजुरी सगळे महागले. गॅलनमागे ठरावीक सेंट असा कर महागाईबरोबर वाढत नाही. दर बदलला नाही तर तो दरवर्षी गुपचूप कमी होत जातो.

२००१ च्या सुमारास तपासणीत राज्यातल्या शेकडो जुन्या पुलांच्या काँक्रीट गर्डरना तिरप्या भेगा आढळल्या. बहुतेक पूल दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दीड दशकात बांधलेले, तेव्हाच्या हलक्या आणि तुरळक ट्रकांसाठी. काही पुलांवर वजनमर्यादा घालावी लागली. जड माल वळसा घालून जाऊ लागला आणि लाकूड, शेतमाल, यंत्रसामग्री यांची वाहतूक महागली. २००३ मध्ये विधिमंडळाने सुमारे २४६ कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. त्यासाठी मोटारीचे नोंदणी शुल्क १५ वरून थेट २७ डॉलर झाले. तीन वर्षांपूर्वी लोकांनी पाच डॉलर नाकारले होते. आता बारा भरले. ट्रकांचे दरही वाढले. वजन-मैल कर जागेवरच राहिला.

इथे मेझर ७६ कामी आले. वाढ करताना मोटारीची किती आणि ट्रकची किती, याचा एक तयार आकडा टेबलावर होता. भांडण झाले, पण ते आकड्याभोवती झाले.

आता ट्रकवालेच न्यायालयात का?

या कहाणीतला सर्वांत रंजक भाग हाच. ज्या हिशेबाच्या जोरावर ट्रककडून जास्त घेतले जात होते, तोच हिशेब अलीकडे उलटा निघू लागला. २०१७ मध्ये राज्याने मोठा वाहतूक कायदा केला. पेट्रोल कर टप्प्याटप्प्याने वाढून २०२४ मध्ये ४० सेंट झाला, वजन-मैल करही चांगलाच वाढला. त्यानंतरच्या अभ्यासांत अवजड वाहने त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त भरतात असे दिसू लागले आणि २०२३-२५ च्या अभ्यासात ही तफावत तीस टक्क्यांहून जास्त निघाली. मोटारी तेवढ्या कमी भरत होत्या.

घटनेत ‘गरज पडल्यास फेरबदल’ असे लिहिलेले आहे. विधिमंडळाने फेरबदल केला नाही. जानेवारी २०२४ मध्ये ओरेगन ट्रकिंग असोसिएशन न्यायालयात गेली. ज्या कलमाकडे मोटारमालक आपले कवच म्हणून पाहत, तेच आता ट्रकवाल्यांच्या वकिलांच्या हातात होते.

याला विश्वासघात म्हणायचे का? तसे म्हणता येणार नाही. नियम दोन्ही बाजूंना लागू होतो, म्हणूनच तो नियम. खोट आहे ती दुसरीकडे. तपासणी बंधनकारक आहे, फेरबदल मात्र राजकारण्यांच्या सोयीवर सोडला आहे. ट्रकचा दर कमी करायचा म्हणजे मोटारमालकाचा वाढवायचा आणि मोटारमालक हा मतदार आहे. दर दोन वर्षांनी अहवाल येतो, त्यावर चर्चा होते आणि तो कपाटात जातो. तफावत ठरावीक टक्क्यांच्या पलीकडे गेली की दर आपोआप बदलतील, एवढी एक ओळ १९९९ मध्ये घातली असती तर हे प्रकरण न्यायाधीशांपर्यंत गेले नसते.

तफावतीमागे आणखी एक कारण आहे, ते पंपावर दिसत नाही. मोटारी कमी पेट्रोल पिऊ लागल्या आणि विजेवरच्या मोटारी तर पेट्रोल पितच नाहीत. रस्ता मात्र त्याही वापरतात. ओरेगनने यावरही आधी हात घातला. जुलै २०१५ मध्ये ‘ओरेगो’ नावाची ऐच्छिक योजना सुरू झाली. गाडी जितके मैल धावेल तितके पैसे, तेव्हा मैलाला दीड सेंट. हा आकडा कुठून आला? गॅलनला २० मैल जाणारी मोटार ३० सेंट कर भरत होती. ३० भागिले २०. ट्रकवाले १९४७ पासून जसे भरत आले, तसेच मोटारवाल्यांनीही भरावे, असा या योजनेचा अर्थ. फक्त वजनाचा रकाना त्यात नाही. बॅटरीमुळे विजेवरच्या मोटारी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल मोटारींपेक्षा जड असतात, तरी ट्रकच्या तुलनेत त्यांची झीज नगण्यच राहते. त्यांचा प्रश्न झिजेचा नाही, वर्गणीचा आहे.

आपल्याकडे हा हिशेब कसा आहे?

भारतात रस्त्याचा थर ठरवताना अभियंते हाच नियम वापरतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या ‘आयआरसी ३७’ या मार्गदर्शक प्रमाणकात प्रत्येक जड ॲक्सलचे रूपांतर ८० किलोन्यूटनच्या प्रमाण ॲक्सलमध्ये करतात, ते चौथ्या घातानेच. आराखडा करताना झिजेचा हिशेब होतो. पैसे घेताना तो मागे पडतो.

राष्ट्रीय महामार्गांवरील टोलच्या २००८ च्या नियमांत मूळ दर मोटारीला किलोमीटरमागे ६५ पैसे, बस किंवा दोन ॲक्सलच्या ट्रकला २ रुपये २० पैसे आणि सात किंवा त्याहून जास्त ॲक्सलच्या वाहनाला ४ रुपये २० पैसे असे धरले होते. म्हणजे ट्रक मोटारीच्या साडेतीन पटीच्या आत, सर्वांत मोठे वाहन साडेसहा पटीच्या आत. ओरेगनचे पंधरा पट आठवा. दोन्ही पद्धती वेगळ्या आहेत, आपल्याकडे डिझेलवरचा करही आहेच, त्यामुळे थेट तुलना पूर्ण होत नाही. पण हे साडेतीन पट कोणत्या खर्चवाटपातून निघाले, हे टोलनाक्यावर उभ्या असलेल्या कुणालाही सांगता येणार नाही.

जुलै २०१८ मध्ये केंद्राने ट्रकांची कमाल ॲक्सल मर्यादा वाढवली. चार टायरच्या एका ॲक्सलला १०.२ टनांऐवजी ११.५ टन. वाढ तेरा टक्क्यांच्या आत. चौथ्या घाताने पाहिले तर पूर्ण भरलेल्या अशा ॲक्सलची झीज साठ टक्क्यांहून जास्त वाढते. एका फेरीत जास्त माल जात असल्याने फेऱ्या थोड्या कमी होतात, वाहतूक स्वस्त होते, हा फायदा खरा आहे. पण तो फायदा मालवाहतुकीला आणि झिजेचा खर्च रस्त्याच्या खात्याला, अशी वाटणी झाली. तिची चर्चा झाल्याचे कुणाला फारसे आठवत नाही.

महाराष्ट्रात खासगी मोटारीवर खरेदीच्या वेळी किमतीच्या टक्केवारीत एकरकमी कर लागतो. त्यात ना वजन आहे, ना धावलेले किलोमीटर. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना टोलमाफी मिळाली, अवजड वाहने भरत राहिली. निर्णय निवडणुकीच्या तोंडावर झाला हे उघड आहे. झिजेच्या हिशेबाने पाहिले तर त्यात तथ्य शोधता येते. कोंडीच्या हिशेबाने पाहिले तर अजिबात नाही, कारण त्या नाक्यांवरची रांग मोटारींचीच असते. कोणता हिशेब धरला, हे सरकारने सांगितले असते तर वाद तरी नीट घालता आला असता. दर दोन वर्षांनी असा हिशेब मांडण्याचे बंधन राज्यावर नाही. फास्टॅगमुळे कोणत्या वर्गाचे वाहन कुठून किती वेळा गेले याची नोंद मात्र आता रोज होते आहे.

ओरेगनमध्ये पुढे काय?

तिथे गोष्ट पुन्हा मतपत्रिकेच्या दाराशी आली आहे. रस्ते खात्यात पैसे नसल्याने कर्मचारी कपातीची वेळ आली, तेव्हा गव्हर्नर टीना कोटेक यांनी २०२५ मध्ये विशेष अधिवेशन बोलावले. पेट्रोल कर आणखी सहा सेंटने वाढवणारा, नोंदणी शुल्कही वाढवणारा कायदा त्यात मंजूर झाला. ट्रक आणि मोटारींच्या वाट्यातली तफावत कमी करण्याच्या तरतुदीही त्याच कायद्यात आहेत. विरोधकांनी तो मतदानाला नेण्यासाठी लगेच सह्यांची मोहीम उघडली आणि गरजेपेक्षा कितीतरी जास्त सह्या जमवल्या.

२००० सालीही पाच सेंटची करवाढ आणि ट्रकांच्या करातला बदल एकाच कायद्यात होते. या वेळी ट्रकांचा जादा भार कमी करण्यामागे अभ्यासाचे आकडे आहेत. पंपावर उभ्या असलेल्या मोटारमालकाला मात्र दोन्ही बिले सारखीच दिसतात.